आमच्या घरचं मत

अडतीस पानं. चारशे बारा पानांच्या कादंबरीची शेवटची अडतीस पानं राहिली असताना मी ती एका घरातून काढून घेतली, आणि त्या घरातला एक माणूस ती ऐकण्यासाठी जीव धरून बसला होता. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, हे खरं. पण ‘माहीत नव्हतं’ ही सबब मी स्वतः कधी कुणाची ऐकून घेतलेली नाही. पुस्तक उशिरा आणणारा प्रत्येक जण ‘तारीख लक्षात राहिली नाही’ म्हणतो आणि मी त्याच्याकडे चष्म्यावरून बघते. तेव्हा मलाही ती सबब चालायची नाही.

ही गोष्ट काजबाईंची. हे नाव त्यांना आमच्या लायब्ररीनं दिलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात त्या काजं करायच्या. मशीनवर काज अर्ध्या मिनिटात होतं, पण त्या दुकानात कोट शिवायला टाकणारी माणसं हातचंच काज मागत, आणि हातचं काज म्हणजे काजबाई. ठेंगण्या, भरलेल्या अंगाच्या, कॉलरला कायम दोन सुया टोचलेल्या. अंगावर कुठे ना कुठे दोऱ्याचा तुकडा चिकटलेला असायचा. बोलणं कमी. नाकासमोर चालणारी बाई. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर आमची लायब्ररी, तिच्या बावीस पायऱ्या त्या दर गुरुवारी सहाच्या ठोक्याला चढून यायच्या आणि मागच्या बाकावर टोकाला बसायच्या.

गुरुवार हा माझा शोध. लायब्ररीत माणसं यायची, पुस्तक न्यायची, आणायची, आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायची नाहीत. म्हणून मी गुरुवारी संध्याकाळी ‘सध्या काय वाचताय?’ सुरू केलं. भिंतीवर फळा टांगला. त्यावर तीन रकाने: पुस्तक, पान, मत. प्रत्येकानं उठून सांगायचं की हातात काय आहे, कितव्या पानावर आहात आणि काय वाटतंय. शेवट कुणी सांगायचा नाही, हा एकच कडक नियम. मी खडूनं लिहीत जायची. दहा-बारा माणसं जमायची. दातांचे डॉक्टर यायचे, ते आठवड्याला दोन पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचायचे आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल एकच वाक्य बोलायचे, ‘पकड आहे’ किंवा ‘पकड नाही’. बाजारातले चष्मेवाले यायचे, ते फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचायचे आणि शेवटचं पान आधी वाचून घ्यायचे. “खुनी कोण ते कळलं की मन शांत राहतं,” असं त्यांचं म्हणणं.

पानाचा रकाना मी का ठेवला, कुणास ठाऊक. माणसं खरंच वाचतात की नुसतं घरी नेऊन उशाशी ठेवतात, ते कळावं म्हणून असेल. पण झालं असं की तो रकानाच सगळ्यात महत्त्वाचा होऊन बसला. डॉक्टरांचा आकडा मोठा म्हणून डॉक्टर मोठे वाचक. मागच्या गुरुवारपेक्षा आकडा फारसा पुढे सरकला नाही की माणसं ओशाळी व्हायची, ‘पाहुणे होते हो’ वगैरे सांगायची. मी म्हणायची, “पाहुण्यांनाही वाचून दाखवायचं.” सगळे हसायचे. मला वाटायचं, केवढं वाचन वाढवलं मी.

तर काजबाई. त्यांची पाळी आली की त्या उठायच्या, पुस्तकाचं नाव सांगायच्या, आकडा सांगायच्या, आणि मग म्हणायच्या, “आमच्या घरी असं म्हणणं पडलं की...”

आणि पुढे जे यायचं ते ऐकून बाकावरची माणसं वळून बघायची. एका फार गाजलेल्या कादंबरीबद्दल त्या म्हणाल्या होत्या, “आमच्या घरी असं म्हणणं पडलं की या लेखकाला पाऊस पाडता येतो, पण कुणाला भिजवता येत नाही.” एकदा म्हणाल्या, “पहिली शंभर पानं तो नुसती गाडी पुसतोय, सुरू कधी करणार?” एकदा: “यातली म्हातारी तेवढी खरी आहे, बाकीची माणसं तिला भेटायला भाड्यानं आणलीत.” शिवाय चुका. नव्वदाव्या पानावर डाव्या पायानं लंगडणारा काका एकशे बाराव्या पानावर उजव्या पायानं लंगडतो, हे त्या पुस्तकाच्या आजवरच्या तीसेक वाचकांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही.

“पण बाई, तुमचं मत काय?” मी विचारायची.

“तेच की हो ताई. आमच्या घरचं.”

“घरचं नको, स्वतःचं सांगा. घर काय वाचत नाही, माणूस वाचतो.”

त्या नुसत्या हसायच्या आणि खाली बसायच्या. पाच वर्षं हे चाललं. पाच वर्षांत ‘घरी कोण असतं हो तुमच्या?’ एवढं साधं विचारावं, असं मला एकदाही वाटलं नाही. ‘घरचं मत’ ही आमच्याकडे एक गंमत होऊन बसली. कुणी जरा चांगलं बोललं की चष्मेवाले सोडून सगळे म्हणायचे, “काय हो, घरचं का?” चष्मेवाले या गमतीत कधी सामील व्हायचे नाहीत. तेही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आणि आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. मला त्यांचा राग यायचा, आणि तो राग हेव्याचा होता. लायब्ररीतली निम्मी पुस्तकं मी वाचलेली, गुरुवार माझा, फळा माझा, आणि सगळ्यात टोकदार मत पडायचं ते काजं करणाऱ्या बाईचं. ते तिचं स्वतःचं नाही, कुठून तरी उसनं आणलेलं आहे, असं मला वाटायचं आणि तेवढ्यानं मला बरं वाटायचं.

शेवटच्या वर्षी त्यांनी ती चारशे बारा पानांची कादंबरी नेली. गोष्ट तशी छोटी. आईच्या शेवटच्या आजारपणावरून बहीणभावाचं बिनसतं. तू तेव्हा नव्हतीस, असं भाऊ म्हणतो आणि दार लावून घेतो. एकोणीस वर्षांनी बहीण त्या गावात परत येते. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. ती त्याच्या घरासमोरच खोली घेते आणि खिडकीतून त्याचं दार बघत राहते. जायचं धाडस होत नाही. तीनशे चौऱ्याहत्तर पानं ती नुसती बघते. कुठे त्याचा दिवा लागतो, कधी तो कचरा टाकायला बाहेर येतो, थंडीत तो कसा पाठीत वाकून चालतो. नवीन पुस्तक होतं, पेपरात चांगलं छापून आलेलं, त्यामुळे मागे रांग लागली होती. पहिले डॉक्टर.

पुस्तक दोन आठवड्यांनी परत करायचं, मागे कुणी थांबलं नसेल तर पुन्हा नोंद करून द्यायचं, असा आमचा नियम. काजबाईंनी ते सहा वेळा पुन्हा नोंदवलं. रांग असताना मी सहा वेळा कसं दिलं? पहिल्या दोन वेळा रांगच नव्हती. मग त्या इतक्या अजिजीनं विचारायच्या की मी नाही म्हणायची नाही, पण उपकार केल्यासारखं तोंड करायची. फळ्यावरचा त्यांचा आकडा गोगलगाईसारखा सरकत होता. दोनशे ऐंशी. तीनशे सात. तीनशे एकतीस. मग आठवड्याला वीस, मग पंधरा. डॉक्टर बाकावरून घसा खाकरायचे. मधल्या काळात काजबाई वाळल्या होत्या, कॉलर गळ्याभोवती सैल दिसायला लागली होती. ते मी पाहिलं आणि मनाशी म्हटलं, दुकानात सीझन असेल.

त्या गुरुवारी त्यांनी आकडा सांगितला. “तीनशे चौऱ्याहत्तर. आमच्या घरी असं म्हणणं पडलं की...”

“थांबा,” मी म्हटलं. माझं त्या दिवशी सकाळपासून डोकं उठलं होतं, पण ते निमित्त. “तेरा गुरुवार झाले, बाई. पुस्तक वाचताय की अंडी उबवताय?”

हशा पिकला. दातांच्या डॉक्टरांनी तर टाळी दिली शेजाऱ्याला. काजबाईंनी उजव्या हाताचा अंगठा पुस्तकावर घट्ट दाबला. सुई ढकलून ढकलून त्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

“थोडंच राहिलंय, ताई. दोन आठवडे.”

“आणि डॉक्टरांनी काय तोवर फळा वाचायचा? इतरांचाही विचार करावा माणसानं. झेपत नाही तर एवढी जाड पुस्तकं न्यायची कशाला?”

 त्या पुढे आल्या, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “घ्या. झालंच आहे.”

मी पुस्तक उघडलं. तीनशे चौऱ्याहत्तराव्या पानावर काजाचा काळा रेशमी दोरा खुणेला घातलेला होता. गप्प बसायचं की नाही? पण माझी बहीण म्हणते तसं, माझ्या जिभेला हाड नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“झालंय म्हणता, दोरा तर इथे आहे,” असं म्हणून मी तो दोरा चिमटीत धरून सगळ्यांना दिसेल असा बाहेर ओढला आणि त्यांच्या हातात दिला. “आणि पुस्तकात दोरे घालू नका, पानं कातरतात.”

त्यांनी दोरा घेतला, बोटाभोवती गुंडाळला. मला जरा जड वाटलं असावं, कारण मी कपाटातून हाताला येईल ते पातळ पुस्तक काढून त्यांना दिलं. कुंड्यांमध्ये बाग कशी करावी, गुळगुळीत कागदावर, भरपूर चित्रं. “हे न्या,” म्हटलं, “चौसष्ट पानं आहेत. आठवड्यात होईल.” कादंबरी तिथल्या तिथे डॉक्टरांच्या नावावर नोंदवली.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ ठीक. शनिवारी दुपारी काजबाई पुन्हा आल्या. दुकानातून मधल्या सुट्टीत पळत आल्या असाव्यात, दम लागला होता.

“ताई, ते पुस्तक... डॉक्टर किती दिवसांत देतील?”

“त्यांचं झालं की. आणि त्यांच्या मागे अजून तिघं आहेत. तुमचं नाव पाचवं घालू?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही तरी सांगायला तोंड उघडलं होतं, हे मला आज शपथेवर सांगता येईल. मग त्या म्हणाल्या, “घाला.” आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी पाचवं नाव घातलं, नीट अक्षरात.

पुढचे चार गुरुवार मागच्या बाकाचं टोक रिकामं होतं. रुसली असेल, मी म्हटलं. पाचव्या गुरुवारी डॉक्टरांनी कादंबरी परत आणली. किती वाचली, विचारलं तर म्हणाले, “वीस पानं. पकड नाही.” पाच आठवडे ती त्यांच्या दवाखान्यात, वाट बघणाऱ्या पेशंटांच्या टेबलावर पडून होती. वर कपाचा गोल डाग.

मंडळी पांगल्यावर चष्मेवाले मागे राहिले. मी कादंबरीवरचा डाग पुसत होते आणि सहज म्हटलं, “काजबाई काही परत येत नाहीत. एवढं काय लागलं त्यांना?”

चष्मेवाले माझ्याकडे बघतच राहिले. “तुम्हाला कळलं नाही? त्यांचे यजमान गेले. दोन आठवडे झाले.”

मग त्यांनी सांगितलं. काजबाईंचे यजमान मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं एकाच छापखान्यात, छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायचं काम. साखरेच्या आजारानं आधी डोळे गेले, सहा वर्षांपूर्वी. मग मूत्रपिंडं. डोळे जात होते तेव्हा चष्मेवाल्यांकडे ते तीन वेळा नंबर वाढवून मागायला आले होते, आणि तिसऱ्या वेळी चष्मेवाल्यांना ‘आता काच चालणार नाही’ म्हणून सांगावं लागलं होतं. “बाहेर कुठे बोलू नका, एवढंच म्हणाले ते. चुका शोधणाऱ्याला दिसत नाही म्हटलं की लोक हसतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचं मी बाहेर बोलत नाही. पण मला वाटलं, तुम्हाला तरी ठाऊक असेल. दर गुरुवारी घरचं मत म्हणून त्या कुणाचं सांगत होत्या मग?”

मी खाली बसले. चष्मेवाले गेले, पोस्टाचं खालचं शटर पडल्याचा आवाज आला, तरी मी बसूनच होते. समोर फळा होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात आकडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कादंबरी पिशवीत घालून शिंप्याच्या दुकानात गेले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. मालक पुढे कापड कापत होते. त्यांनी मान मागे हलवून दाखवली. मागच्या खोलीत खिडकीखाली काजबाई बसल्या होत्या, मांडीवर राखाडी कोट. मला बघून उठायला लागल्या.

“बसा, बसा,” मी म्हटलं आणि काय बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले. “मला माहीत नव्हतं हो, बाई.”

“तुम्हाला कसं असणार? मी सांगितलंच नव्हतं.” त्यांनी माझ्यासाठी स्टुलावरचे कपडे बाजूला केले. “त्यांनी शपथ घातली होती. म्हणायचे, माझं मत ने, माझे डोळे नेऊ नकोस.”

त्यांचं काम थांबलं नाही. कोटाच्या पुढच्या पाख्यावर खडूची रेघ होती, त्या रेघेवर त्यांनी धारदार कात्रीनं चीर दिली आणि मग कडेकडेनं टाके गुंफायला लागल्या. मी त्या चिरेकडे बघत बसले. त्या आपणहून बोलत गेल्या, टाक्यांच्या वेगानं.

रोज सातला घरी पोचलं की त्या वाचायला बसत. ते खुर्चीत ताठ बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसल्यासारखे. स्वल्पविरामसुद्धा सोडलेला चालायचा नाही. “थांब, पुन्हा वाच,” असं एका पानाला चारदा. म्हणून चार पानांना तास जायचा. खुणेचा दोरा तेच स्वतःच्या हातानं घालायचे, बोटांनी पान चाचपून. गुरुवारी बाई लायब्ररीतून आल्या की पहिला प्रश्न, “आज लोक काय म्हणाले?” मग डॉक्टर काय म्हणाले, चष्मेवाले काय म्हणाले, आणि “ताई काय म्हणाल्या?” हे सगळं सांगायचं. आमचे गुरुवार त्या घरात शुक्रवार उजाडेपर्यंत पुरायचे.

“मी काय म्हणायची, ते सांगायचात?”

“तुम्ही म्हणायच्या, स्वतःचं मत सांगा. ते हसायचे. म्हणायचे, बाई बरोबर बोलतात, तू सांग की.”

 मी विचारलं, “आणि मग ती कादंबरी? त्यांना काय सांगितलंत?”

काजबाईंनी दोरा दातानं तोडला. सुईत नवा ओवला. मला वाटलं, सांगणार नाहीत.

“त्या गुरुवारी घरी गेले तर ते खुर्चीत तयार बसलेले. दिवसभर झोपूनच असायचे तेव्हा, पण सात वाजले की उठून बसायचे. ती बहीण रस्ता ओलांडून गेलेली, हात वर केलेला, आता दार वाजवणार, तिथे आम्ही थांबलो होतो. म्हणाले, चल, वाजव दार. आता कसं सांगू त्यांना पुस्तक नाही म्हणून? हातात तुमचं ते कुंड्यांचं पुस्तक. मी ते उघडलं आणि वाचायला लागले.”

“काय वाचायला लागलात?”

“दार उघडलं, असं वाचलं. भाऊ समोर उभा. म्हणाला, किती उशीर केलास, आत ये.” त्या जरा लाजल्या. “मला कुठे येतंय असलं? काजाशिवाय काय केलंय मी जन्मात. अडलं की चित्रात बघायची. मग त्या भावाच्या खिडकीत कुंड्या आल्या. माती आली. तो बहिणीला रोपं कशी हलवायची ते दाखवतो, असं झालं. एक दिवस हे म्हणाले, या लेखकाला एकाएकी झाडांचं काय वेड लागलं गं?”

मी हसले आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं. काजबाईही हसत होत्या.

“त्यांना कळलं नाही?”

“पहिल्याच दिवशी विचारलं, कागद बदलला का? पान उलटल्याचा आवाज वेगळा येतोय. एकतीस वर्षं छापखान्यात काढलेला माणूस तो. मी पुढचं पान उलटलं. मग तेच म्हणाले, शेवटच्या पानांचे फर्मे दुसऱ्या कागदावर छापले असतील, होतं असं कधीकधी.” टाका घालता घालता त्यांचा हात थांबला. “दोरा मी रोज त्यांच्या हातात द्यायची, ते रोज पान चाचपून खूण घालायचे. मग मला काही ते संपवायचं धाडस होईना. रोज थोडं लांबवायची. बहिणीनं आईचं विचारलं, भावानं सांगितलं, दोघं एकदा रडली, एकदा भांडली. ते म्हणाले, अडतीस पानं फार मोठी निघाली गं. मी म्हटलं, टाइप बारीक आहे.”

“आणि मत?” मी विचारलं. माझा तो धंदाच. “त्यांचं काय म्हणणं पडलं?”

“शेवटच्या दिवशी सकाळी म्हणाले, या शेवटच्या पानांत एकसुद्धा चूक सापडली नाही.” काजबाईंनी कोट उलटा करून काजाची मागची बाजू तपासली. “छापलेल्या पानात त्यांना चूक सापडली नाही, असं जन्मात कधी झालं नव्हतं, ताई. तेव्हाच मला कळलं, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

शेवट सांगायचा नाही हा माझाच नियम, पण इथे तो मोडते. खऱ्या कादंबरीत बहीण दार वाजवते तेव्हा दार उघडतो एक अनोळखी माणूस. भाऊ ते घर विकून कधीच गेलेला असतो. तीनशे चौऱ्याहत्तर पानं ती ज्याला खिडकीतून बघत होती, तो तिचा भाऊ नव्हताच. मी ती कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या बहिणीला नावं ठेवली होती. इतकी कशी ही आंधळी, म्हटलं होतं. समोर रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल कधी कुणाला काही विचारू नये?

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. “डॉक्टरांनी परत केलंय. हवं तितके दिवस ठेवा. रांगेतल्यांना मी बघून घेईन.”

त्यांनी सुई कॉलरला टोचली. पुस्तक हातात घेतलं, कपाच्या डागावरून अंगठा फिरवला, आणि मला परत दिलं.

“नको, ताई. आमच्या घरी ते वाचून झालंय.”

परतताना मी रस्त्याच्या कडेला दोनदा थांबले. लायब्ररीत येऊन फळ्यावरचा पानांचा रकाना ओल्या फडक्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावून रेघही काढून टाकली. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी विचारलं, “अहो, पान कुठे सांगायचं?” मी म्हटलं, “कुठेच नाही.” वरातीमागून घोडं. पण निदान आता कुणाच्या घरात आकड्यापायी घाई व्हायची नाही.

काजबाई तीन महिन्यांनी आल्या. गुरुवार, सहाचा ठोका. मी खडू घेऊन फळ्याशी उभी होते. त्या जिन्यातून वर आल्या, मागच्या बाकावर टोकाला बसल्या.  चष्मेवाल्यांनी सरकून त्यांना जागा दिली, खरं तर जागा होतीच. त्यांच्या हातात कुंड्यांचं पातळ पुस्तक होतं. त्याची तारीख कधीच उलटून गेली होती, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याची आठवण करून दिली नव्हती. पुस्तकाच्या मधोमध काळा दोरा दिसत होता.

त्यांची पाळी आली. त्या उठल्या.

“कुंडीतली बाग,” त्या म्हणाल्या. मग सवयीनं सुरुवात केली, “आमच्या घरी असं...” आणि थांबल्या.

सगळी माणसं वाट बघत होती. मला ओरडून सांगायचं होतं की सांगा हो, घरचंच सांगा, तुमच्या घरी काय म्हणणं पडलं ते सांगा, स्वतःचं मत नको मला, कधीच नको होतं. पण एरवी घोड्यासारखी सुटणारी माझी जीभ त्या वेळी जागची हलली नाही.

काजबाईंनी पुस्तकावर अंगठा दाबला. माझ्याकडे बघितलं, आणि पाच वर्षं शिकवलेला धडा अखेर नीट म्हणून दाखवावा तसं म्हणाल्या, “मला... मला आवडलं.”

त्या बसल्या. मी फळ्याकडे वळले, म्हणजे माझं तोंड कुणाला दिसू नये. मताच्या रकान्यात लिहिलं, ‘आवडलं’. खडू दोनदा मोडला.